रिपोर्टवर एक आकडा आलाय, तिला एकटं सोडू नका!

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होते. बाळाचं हृदय, मणका, हात-पाय सगळं व्यवस्थित आहे म्हणतात. घरोघरी फोन जातात. आणि रिपोर्टच्या खालच्या अंगाला एक ओळ असते: सर्व्हिक्सची लांबी २२ मिलिमीटर. 'पिशवीचं तोंड आखूड वाटतंय, लक्ष ठेवावं लागेल,' एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावतात. बाहेर रांग लागलेली असते, त्यांचाही इलाज नसतो. पण त्या एका ओळीपासून तिची झोप उडते.

तुम्ही तिचा नवरा असाल. सासूबाई असाल, आई, नणंद, जाऊ असाल. शेजारीण असाल, तिच्या ऑफिसातले साहेब असाल. कदाचित ती तुम्ही स्वतःच असाल. हे आवाहन तुमच्यासाठी आहे आणि ते आजच वाचा. पुढच्या तपासणीची वाट बघत बसू नका. अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यात जे करता येतं, ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करता येत नाही.

आधी धोका काय तो नीट समजून घ्या. गर्भाशयाचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, नऊ महिने बंद आणि घट्ट राहून बाळाला आत सांभाळतं. गरोदरपणाच्या मध्यावर त्याची लांबी बहुतेकींमध्ये ३५ ते ४० मिलिमीटरच्या आसपास असते. चोवीस आठवड्यांच्या आत ती २५ किंवा त्याहून कमी भरली, तर डॉक्टर तिला आखूड म्हणतात. हे तोंड वेळेआधी मऊ पडून उघडायला लागलं, तर बाळ ३७ आठवडे भरण्याआधीच येऊ शकतं. २०२० या एका वर्षात जगात १ कोटी ३४ लाख बाळं अशी वेळेआधी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख भारतातली होती. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. या सगळ्यांचं कारण आखूड सर्व्हिक्स नव्हतं. रक्तदाब असतो, जंतुसंसर्ग असतो, जुळं असतं, कधी कारण सापडतच नाही. पण हा एक धोका असा आहे की तो आठवडे आधी दिसतो, मोजता येतो, आणि त्यावर उपाय आहे. म्हणून तो दिसल्यावर हातावर हात ठेवून बसू नका.

पहिली गोष्ट करा: माप खात्रीचं करून घ्या. पोटावरून घेतलेलं माप चुकू शकतं. लघवीने मूत्राशय भरलेलं असेल तर सर्व्हिक्स आहे त्यापेक्षा लांब दिसतं. खरं माप आतून केलेल्या सोनोग्राफीत कळतं. या तपासणीची आपल्याकडे फार भीती आहे. 'आतून काही घालू देऊ नकोस, बाळाला लागेल,' असं फोनवरून सांगणाऱ्या मावश्या प्रत्येक घराण्यात आहेत. मावशी, बाळाला काही लागत नाही. लघवी करून यायचं, आडवं व्हायचं. नवं कव्हर चढवलेला एक बारीक प्रोब योनीमार्गात थोडासा ठेवतात, काही मिनिटांत माप होतं. त्यात एक्स-रे नसतो, ध्वनिलहरी असतात. संकोच वाटतो, ते साहजिक आहे. तिला सोबत करा. बाईडॉक्टर हवी असेल तर तसं आधी विचारा. पण तपासणी टाळू देऊ नका.

आणि माप आलं की त्याला निकाल समजू नका. लंडनमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं सर्व्हिक्स १५ मिलिमीटर किंवा त्याहूनही आखूड होतं अशा बायका होत्या, म्हणजे जोखीम चांगलीच मोठी. खरं औषध न मिळालेल्या शंभरजणींपैकी साधारण चौतीसजणी ३४ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. रोज रात्री योनीमार्गात प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल ठेवणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण एकोणीसवर आलं. हे आकडे तिला वाचून दाखवा. इतक्या आखूड मापातही, औषधाविनाही, निम्म्याहून कितीतरी जास्त जणी ३४ आठवड्यांच्या पुढे गेल्या. औषधाने आणखी गेल्या. तिचं माप २२ आहे, २४ आहे, तर तिच्या बाजूने आणखीच बरंच काही आहे.

म्हणून डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन लिहून दिलं असेल तर एक रात्रही चुकवू नका. कॅप्सूल संपायच्या आधी दुकानातून आणा. हे काम नवऱ्याने आपल्याकडे घ्यावं, तिला आठवण करून द्यायला लावू नये. एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही, ती इथे सांगावीशी वाटते. सकाळी उठल्यावर पांढरट, तेलकट असं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. ते बघून कितीतरी जणी हादरतात. कुणाला वाटतं औषध वाया गेलं, कुणाला वाटतं पाणी सुटलं. तो बहुतेक वेळा कॅप्सूलमधला उरलेला भाग असतो, औषध अंगात गेलेलं असतं. पातळ पॅड वापरायला द्या. मात्र पाण्यासारखं पातळ काही सतत झिरपत असेल किंवा लाल दिसलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

काहीजणींना टाका लागतो. पूर्वी एखादं बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलेलं असेल, आधीचं बाळंतपण फार लवकर झालेलं असेल आणि आता सर्व्हिक्स आखूड होत चाललं असेल, तर डॉक्टर गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालायला सुचवतात. बटव्याची नाडी ओढून तोंड बंद करावं तसा तो टाका असतो. साधारण ३६-३७ आठवड्यांना काढतात. 'टाका' म्हटलं की घरात रडारड सुरू होते. ती थांबवा आणि तिला डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्याबद्दल सांगा. १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याला जन्मलेला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला हा आपला माणूस. मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा बाळ गमावणाऱ्या बायका त्यांच्यासमोर येत होत्या. त्या बाईच्याच मांडीतून काढलेल्या चिवट पट्टीने गर्भाशयाचं तोंड बांधायची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली आणि १९५५ साली जगापुढे मांडली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या इयान मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सांगितला. आजही जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत शिरोडकरांचं नाव रोज घेतलं जातं. सत्तर वर्षं हाताखालून गेलेली ही गोष्ट आहे. ती नेमकी कुणाला उपयोगी आणि कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. जुळं असेल तर औषधाचं आणि टाक्याचं गणित वेगळं असतं, ते मोकळेपणाने विचारा. फक्त भीतीपोटी तारीख पुढे ढकलू नका.

आता दुसऱ्या धोक्याकडे या. हा रिपोर्टवर येत नाही. तो घरात तयार होतो.

'तूच त्या दिवशी पाण्याची कळशी उचललीस.' 'लग्नाला कशाला नाचलीस?' 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' 'नजर लागली, सगळ्यांना आधीच सांगत सुटलीस.' ही वाक्यं बोलणाऱ्याच्या तोंडून सहज जातात. ऐकणारी मात्र रात्रभर ती उगाळत पडते. मनापासून सांगते, बंद करा हे. सर्व्हिक्स आखूड होण्यामागे पूर्वीचं लवकर झालेलं बाळंतपण असू शकतं. गर्भाशयाच्या तोंडावरची एखादी जुनी शस्त्रक्रिया असू शकते. गर्भाशयाची जन्मजात ठेवण असू शकते. आणि बऱ्याचजणींच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. कळशीने, नाचण्याने, नजरेने सर्व्हिक्स आखूड होत नाही. तुमचा जीव तिच्यासाठी तुटतो म्हणूनच तुम्ही बोलता, हे कळतं. तोच जीव लावून तिला एकदा सांगा: 'तुझं काही चुकलेलं नाही.' मोठ्याने सांगा. सगळ्यांसमोर सांगा. सासूबाईंनी सांगितलं तर त्याची किंमत दहापट असते.

एक सवय मात्र खरंच सोडायला लावा. मिश्री. दात घासायच्या निमित्ताने ती दिवसातून तीनदा हिरड्यांवर फिरते, आणि कित्येक घरांत सासू-सून दोघी घेतात. तंबाखू कुठल्याही रूपात पोटात गेली तरी बाळ लवकर येण्याची आणि अशक्त येण्याची भीती वाढते. सासूबाई, तुम्हीही तिच्याबरोबर सोडा. डबी घरातच राहू देऊ नका. घरात बिडी-सिगारेट ओढत असाल तर तीही बंद करा.

मग येते अंथरुणाची गोष्ट. पिशवीचं तोंड आखूड म्हटलं की घर एकच उपाय जाणतं: 'पडून राहा, हलू नकोस.' पलंगाचे पाय विटांवर चढतात. ती आंघोळीलाही घाबरून जाते. यामागची माया खरी आहे, पण उपाय खरा नाही. नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सर्व्हिक्स आखूड असलेल्या पहिलटकरणींची पाहणी अमेरिकेत झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना हालचाल कमी करायला सांगितली होती त्यांची बाळंतपणं पुढे गेली नव्हती, उलट त्यांच्यात लवकर बाळंत होणाऱ्याच जास्त निघाल्या. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, स्नायू गळतात, आणि मन तर भिंतीकडे बघून पार खचतं. रक्तस्राव आहे, वार खाली आहे, पाण्याची पिशवी तोंडातून खाली उतरू लागलीय अशा कारणांनी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर ती जरूर पाळा. पण त्यांना विचारा. नेमकं विचारा: चालू का? जिना चढू का? स्कूटरवर बसू का? पती-पत्नीसंबंध ठेवायचे का? शेवटचा प्रश्न नवऱ्याने विचारावा आणि उत्तर येईल ते पाळावं, त्यासाठी तिला अवघडायला लावू नये.

पडून राहणं वेगळं आणि अंगमेहनतीतून सुटका वेगळी. तासन्‌तास उभं राहणं, जड उचलणं, रात्रपाळ्या, हे कमी झालंच पाहिजे. साहेब, हे तुमच्यासाठी आहे. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी तिला २६ आठवड्यांची रजा आहे, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गरोदरपणातून आजारपण उद्भवलं किंवा बाळ लवकर आलं, तर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. तिने मागायच्या आधी तुम्ही सांगा. बसून करता येईल असं काम द्या. तपासणीच्या दिवशी 'पुन्हा सुट्टी?' असं विचारू नका.

आणि उसाच्या फडात? तिथे कुणी सोनोग्राफीचा कागद बघत नाही. दिवाळीनंतर बीड-नगरकडून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. पाचव्या-सहाव्या महिन्याची बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर चढते. मुकादम, तुमच्याही घरी लेक आहे, सून आहे. तिला मोळी देऊ नका. तिचा खाडा लावू नका. फडाजवळच्या गावातल्या आशाताईला तिचं नाव आजच कळवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी तिला जाऊ द्या. कारखान्याच्या माणसांनो, त्या दिवशी एक गाडी द्या. एवढी एक गाडी कारखान्याला जड नाही.

आता तुझ्याशी बोलते, जिच्या पोटात बाळ आहे.

भीती वाटते, ते बरोबरच आहे. रात्री दोनला मोबाईल हातात घेऊन परक्या बायकांचे आकडे वाचत बसतेस, तेही कळतं. कुणाचं १८ होतं आणि बाळ गेलं, कुणाचं १२ होतं आणि भरल्या दिवसांचं झालं. त्यांचे आठवडे वेगळे, त्यांचं जुनं दुखणं वेगळं, औषध वेगळं. त्यातून तुला तुझं काही कळत नाही, फक्त काळीज धडधडतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. एक वही कर. मनात आलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिही आणि डॉक्टरांपुढे वही उघड. त्यांना तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठू नकोस: माझा धोका किती? पुढचं माप कधी? कुठलं लक्षण दिसलं की मी थेट निघून यायचं? घाई असली तरी विचार. तो तुझा हक्क आहे.

नऊ महिन्यांचा डोंगर एकदम बघू नकोस. या आठवड्यापुरतं बघ. चोवीस झाले, मग सव्वीस. अठ्ठावीस झाले की बाळाची बाजू बरीच भक्कम होते, बत्तीसला आणखी. वहीत आठवडा खोडत जा. डोहाळजेवण करायचं असेल तर कर, साधं कर, बसून ओटी भरून घे. बाळाशी बोलायचं थांबवू नकोस. 'जीव लावला आणि गेलं तर?' म्हणून आतून कोरडं होऊन राहायची गरज नाही. आणि आठ-पंधरा दिवस झोप नाही, जेवण जात नाही, छाती सारखी दडपते, किंवा जगावंसंच वाटत नाही, असं झालं तर लाजू नकोस. डॉक्टरांना सांग, घरच्यांना सांग. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही बोलता येतं, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनो, ती चिडचिड करत असेल, गप्प झाली असेल, तर हा नंबर तुम्ही लावून द्या.

ज्यांचं पूर्वी एक बाळ गेलेलं आहे, त्यांच्या घरात ही भीती दुप्पट असते. तिथे 'मागचं विसर' असं म्हणू नका. ती विसरणार नाही. त्या बाळाबद्दल ती बोलली तर ऐका. आणि या वेळी डॉक्टरांना आधीची सगळी फाईल दाखवा, कितव्या आठवड्यात काय झालं ते नीट सांगा. लपवू नका. त्या एका माहितीवर उपाय बदलतो.

आता सगळ्यात घाईचं. बाळ कुठे जन्माला येणार, ते आज ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. रीत चांगलीच आहे, आईच्या हाताला दुसरा पर्याय नाही. पण माहेरच्या गावापासून लवकर जन्मलेल्या बाळांचं अतिदक्षता युनिट किती लांब आहे? दोन तास असेल तर या खेपेला आईला इकडे बोलवा. लहान बाळाला जन्मानंतर गाडीत घालून शहरात पळवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात पोचणं कितीतरी सुरक्षित. सरकारी जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष विभाग असतात आणि जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, गाडी, आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. पैशापायी उशीर करू नका.

वेळेत पोचलात तर काय होतं, तेही ऐका. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण होईल असं वाटलं, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. पण त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस हवे असतात. तुम्ही घरी 'बघू सकाळी' म्हणून घालवलेली रात्र त्या दोन दिवसांतूनच जाते. बाळ लवकर आलंच, तर आईच्या उघड्या छातीशी त्याला बांधून ठेवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. बाप, आजी, मावशी, कुणीही ही ऊब देऊ शकतं. शिकून घ्या. आणि 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' ही म्हण तोंडातून काढू नका. ती खोटी आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळच देतो.

लक्षणं पाठ करा. पाणी झिरपणं. रक्त, मग ते डागाएवढं का असेना. पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होणं. कमरेत खाली एकसारखी कळ. ओटीपोटात काहीतरी खाली उतरल्याचा दाब. अंगावरून जाण्यात अचानक बदल. लघवीला जळजळ आणि ताप. बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं एकही दिसलं तर निघा. पाहुणे आहेत, अमावास्या आहे, नवरा पाळीवर आहे, यासाठी थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. फाईल, वही, आधीचे रिपोर्ट, दोन जोड कपडे एका पिशवीत भरून दारामागे आजच अडकवा. डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा, रात्री गाडी लागली तर कोण काढणार ते ठरवून ठेवा. दवाखान्यात तपासतील आणि 'काही नाही, घरी जा' म्हणतील. तर हसत घरी या आणि तिला एका शब्दाने बोलू नका. चार दिवसांनी तिला पुन्हा तसंच वाटलं, तर पुन्हा निघा.